लेकीला परक्या चेहऱ्यांना आवाज द्यायचा आहे

पत्र (थोडक्यात): आम्ही गेली बावीस वर्षे म्युनिकमध्ये राहतो. मुलगी इथेच जन्मली, आता अठरा पूर्ण झाली आणि नुकतीच आबिटूर, म्हणजे इथली शालान्त परीक्षा, उत्तीर्ण झाली आहे. घरात मराठी, बाहेर जर्मन, त्यामुळे तिच्या जर्मनला कसलाही हेल नाही. शाळेच्या नाटकानंतर सगळ्यांनी तिच्या आवाजाचे कौतुक केले आणि तेव्हापासून तिने ठरवले आहे की परदेशी चित्रपटांच्या जर्मन डबिंगमध्येच काम करायचे. एका संस्थेचा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम तिने शोधला आहे. शुल्क दोन हजार युरोंच्या वर आहे आणि शेवटी आवाजाचा नमुना ध्वनिमुद्रित करून मिळणार आहे. तिचे बाबा म्हणतात, ही पोपटपंची आहे आणि पाच वर्षांत हे काम यंत्रेच करतील. मला वाटते, तिचा आवाज खरोखरच चांगला आहे. शिवाय तिचे नाव भारतीय. त्याचा अडसर होईल का? या कामावर पोट भरते का? – एक आई, म्युनिक

ताई, तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि त्यात ‘आवाज’ हा शब्द कितीतरी वेळा आला आहे, पण ‘अभिनय’ हा शब्द मला एकदाही सापडला नाही. माझे उत्तर बरेचसे तिथूनच सुरू होते. या व्यवसायातल्या लोकांना जर्मनीत सर्रास ‘झ्युंक्रोनश्प्रेशर’ म्हणजे बोलणारे म्हटले जाते आणि त्यांतल्या अनेकांना ते रुचत नाही. ते स्वतःला ‘झ्युंक्रोनशाउश्पीलर’ म्हणजे नट म्हणवतात. हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. गोड, खर्जातला किंवा घंटेसारखा आवाज असलेली माणसे पुष्कळ असतात. पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आधीच होऊन गेलेला राग, तोही नेमक्या साडेचार सेकंदांत, पुन्हा खरा करून दाखवणारी माणसे थोडी असतात, आणि पैसे त्याचे मिळतात.

आधी व्यवसायाच्या आकाराविषयी, कारण तुमच्या यजमानांना तो ठाऊक नसावा असे पत्रावरून वाटते. जर्मनीत चित्रपटगृहात आणि दूरचित्रवाणीवर येणारा जवळपास प्रत्येक परदेशी चित्रपट आणि मालिका जर्मन बोलतच येते. नेदरलँड्स किंवा स्कँडिनेव्हियातल्या छोट्या भाषांना डबिंगचा खर्च परवडला नाही, म्हणून तिथे खाली अक्षरे आली. जर्मन भाषेचा प्रेक्षक मोठा असल्याने तो खर्च निघाला आणि प्रेक्षकाला सवय लागली ती लागलीच. युद्धानंतर दोस्तराष्ट्रांनी आपापले चित्रपट जर्मन प्रेक्षकांपुढे आणले तेव्हा हा उद्योग बर्लिन, म्युनिक आणि हॅम्बुर्गमध्ये वाढला आणि आजही मुख्यतः तिथेच आहे. पूर्व जर्मनीत पूर्व बर्लिनच्या योहानिसटालमध्ये वेगळा सरकारी स्टुडिओ होता. तुम्ही म्युनिकमध्ये राहता, हे तुमच्या मुलीचे पहिले भांडवल समजा.

आता ‘पोपटपंची’. अमेरिकन चित्रपटात नायक ‘आय लव्ह यू’ म्हणतो, त्याचे जर्मन ‘इश लीबे दिश’. अर्थ तोच, पण उच्चारातल्या तीन ठोक्यांचे चार झाले, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे ‘लव्ह’ म्हणताना खालचा ओठ दातांना टेकतो, तर ‘लीबे’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. शाळेत आपण प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण पाठ केले होते, ते तिथे रोज कामाला येतात. चेहरा पडदाभर असेल तर ओठ कधी मिटतात हे प्रेक्षकाला दिसते. पाठमोरा असेल तर हवे ते बोला. म्हणून आधी कोणीतरी कच्चे शब्दशः भाषांतर करतो, त्यावरून संवादलेखक ओठांत बसेल असे जर्मन लिहितो, आणि तरीही उरलेली फट कलाकाराला श्वास मागेपुढे करून बुजवावी लागते. मराठी माणसाला पटकन कळेल अशी आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत सगळे ‘यू’, जर्मनमध्ये मात्र ‘झी’ आणि ‘दू’, आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखे. मग पोलीस अधिकारी आणि ती वकीलबाई कोणत्या प्रसंगापासून एकमेकांना ‘दू’ म्हणू लागतात, हे मूळ चित्रपटात कुठेच नसलेले ठरवावे लागते, आणि ते एका वाक्यात घडताना कलाकाराच्या सुरातही ते यावे लागते.

या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडले आहे. 2004 च्या नोव्हेंबरात आरटीएल टू या वाहिनीने ‘कभी खुशी कभी गम’ जर्मनमध्ये दाखवला आणि त्यानंतर काही वर्षे तिकडे हिंदी चित्रपटांची लाट आली; त्या काळात बर्लिनमध्ये मी अशी कच्ची भाषांतरे करत असे. पहिल्याच कामात मी पत्नीच्या तोंडचा प्रत्येक ‘आप’ इमानाने ‘झी’ असा लिहून दिला. संवादलेखकाने शांतपणे विचारले, ‘या दोघांचा घटस्फोट चालू आहे का?’ आपल्याकडच्या ‘अहो’मधली जवळीक ‘झी’मध्ये मावत नाही, हे मला तेव्हा कळले. त्याच लाटेत शाहरुख खानला पास्काल ब्रॉयर यांचा आवाज मिळाला आणि तो पुढे त्याचा ठरलेला जर्मन आवाज झाला.

अशा ठरलेल्या आवाजाला तिथे ‘फेस्टश्टिमे’ म्हणतात, आणि तुमच्या मुलीच्या डोळ्यांपुढे बहुधा तेच चित्र असणार. क्रिस्टियान ब्र्युक्नर 1976 च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’पासून रॉबर्ट डी नीरोचा आवाज आहेत, ज्युलिया रॉबर्ट्सच्या ‘प्रीटी वूमन’पासून तिचा जर्मन आवाज डानिएला होफमान यांचा आहे. टोमास डानेबेर्ग यांनी तर आर्नोल्ड श्वार्झेनेगर आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन या दोघांनाही वर्षानुवर्षे आवाज दिला, शिवाय जॉन ट्रॅव्होल्टा वेगळाच. गंमत अशी की श्वार्झेनेगर यांची मातृभाषा जर्मनच, पण ऑस्ट्रियन वळणाची, त्यामुळे जर्मनीतल्या प्रेक्षकाने त्यांना ऐकले ते दुसऱ्याच्याच आवाजात. आपल्या पार्श्वगायनाशी याचे नाते जवळचे आहे: एक गळा अनेक नायिकांना पुरतो आणि प्रेक्षकाला त्यात काही खटकत नाही. फरक इतकाच की आपण पार्श्वगायिकेचे नाव घेऊन गाणे मागतो, आणि जर्मनीत या लोकांच्या शेजारी भाजी घेणाऱ्याला आपण कोणाशेजारी उभे आहोत हे ते तोंड उघडेपर्यंत कळत नाही.

पण ताई, फेस्टश्टिमे हे ध्येय म्हणून ठेवता येत नाही. एखादी अमेरिकन मुलगी छोट्या भूमिकेत असते, तेव्हा तिला कोणाचा तरी आवाज दिला जातो. दहा वर्षांनी ती मोठी तारका झाली की तो आवाज तिच्याबरोबर मोठा होतो. त्यात कलाकाराच्या हातात जवळजवळ काही नसते, आणि मिळालेले टिकेल याचीही हमी नसते. डानेबेर्ग यांनी प्रकृतीमुळे काम थांबवले (2023 मध्ये ते गेले), आणि दोन्ही नटांना नवे आवाज शोधावे लागले. वितरकाला वाटले तर आवाज चांगल्या प्रकृतीतही बदलतो. त्यामुळे मुलीला एखाद्या ताऱ्याचे स्वप्न पाहू द्या, पण हिशेब मांडताना ते स्वप्न जमेच्या बाजूला धरू नका.

हिशेबच मांडायचा तर तो असा चालतो. चित्रपट काही सेकंदांच्या तुकड्यांत तोडलेला असतो. त्या तुकड्याला ‘टेक’ म्हणतात आणि पूर्ण चित्रपटाचे असे हजारभर किंवा अधिक टेक होतात. कलाकाराला स्टुडिओत येण्याची एक ठरावीक रक्कम आणि शिवाय प्रत्येक टेकमागे काही युरो मिळतात. जिच्या वाट्याला दोनशे टेक येतात तिचा दिवस चांगला जातो. जिला ‘दोन कॉफी, साहेब?’ एवढेच म्हणायचे असते तिला हजेरीचे पैसे आणि घरी जायचे भाडे सुटते. नवख्यांना पहिली काही वर्षे हेच मिळते, आणि त्याहीआधी ‘मेंगे’, म्हणजे गर्दी: पाच-सहा जण एका खोलीत उभे राहून उपाहारगृहातली कुजबुज, न्यायालयातली खळबळ किंवा मैदानातला गलका करतात. हे काम हलके समजू नये. दिग्दर्शक तिथेच कान लावून असतो आणि गर्दीतली एखादी शिवी खरी वाटली की पुढच्या वेळी त्या मुलीला नाव असलेली भूमिका देतो.

पोट भरते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की या कामावर सुखाने जगणारे लोक आहेत, पण नुसत्या चित्रपटांच्या डबिंगवर नव्हे; ते बहुधा चित्रपट, मालिका, माहितीपटांचे निवेदन, बोलती पुस्तके, जाहिराती, श्रुतिका आणि कधी रंगभूमी असे सगळे एकत्र करून जगतात. ब्र्युक्नर यांनी पत्नीबरोबर बोलत्या पुस्तकांची स्वतःची प्रकाशनसंस्थाच काढली. ‘दी द्राय फ्रागेत्सायशन’ ही श्रुतिकामाला तुमच्या मुलीने लहानपणी नक्की ऐकली असणार. 1979 पासून त्यातली तीन पोरे तेच तिघे कलाकार करत आहेत, आणि त्यांतले ओलिव्हर रोरबेक हेच बेन स्टिलरचा जर्मन आवाज. एक दार बंद असते तेव्हा दुसरे उघडे असते, अशी ही रचना आहे, आणि ती बसायला वर्षे लागतात.

हक्कांची गोष्ट मुलीने पहिल्या दिवसापासून शिकावी. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या पहिल्या तीन भागांत जॉनी डेपने साकारलेल्या जॅक स्पॅरोला मार्कुस ऑफ यांचा आवाज होता. चित्रपटांनी अमाप पैसा कमावला आणि आपल्याला मात्र ठरलेली रक्कमच मिळाली, म्हणून त्यांनी जर्मन लेखनहक्क कायद्यातल्या ‘बेस्टसेलर’ कलमाखाली दावा लावला. कार्ल्सरुहे येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2012 मध्ये मान्य केले की मुख्य पात्राचे डबिंग हे चित्रपटातले किरकोळ योगदान म्हणून बाजूला सारता येणार नाही, आणि पुढे बर्लिनच्या न्यायालयात त्यांना वाढीव मोबदलाही मिळाला. दरम्यान चौथ्या भागात जॅक स्पॅरो डाविड नाथान यांच्या आवाजात बोलला होता. ते इतर चित्रपटांत जॉनी डेपचा आवाज होतेच. मी यातून कोणताही कट सुचवत नाही, फक्त दोन्ही गोष्टी शेजारी ठेवते. तुमच्या मुलीसाठी व्यवहाराचा भाग एवढाच की पहिले काम मिळताच तिने जीव्हीएल या कलाकारांच्या हक्कसंस्थेत नोंदणी करावी, कारण पुनःप्रक्षेपणाचे पैसे तिथून येतात आणि ते आपण मागितल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही.

आता यंत्रांविषयी. तुमच्या यजमानांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. निवेदन, दूरध्वनीवरच्या सूचना, स्वस्त मालिका, इथे संगणकाने बनवलेला आवाज आलेला आहे, आणि नवखे कलाकार जिथे हात बसवतात नेमकी तीच कामे आधी जाण्याचा धोका मला खरा वाटतो. ‘पाच वर्षांत सगळे बंद’ हे मात्र कोणी खात्रीने सांगू शकत नाही, यजमानही नाही आणि मीही नाही. कायदा थोडा कलाकारांच्या बाजूने सरकला आहे: ब्रूस विलिसचा जर्मन आवाज असलेल्या मानफ्रेड लेमान यांच्या आवाजाची संगणकी नक्कल एका यूट्यूब वाहिनीने वापरली, तेव्हा 2025 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तो त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग ठरवून भरपाई दिली. पण लेमान यांचा आवाज सगळा देश ओळखतो. अठरा वर्षांच्या, अजून कोणी न ओळखणाऱ्या मुलीचे संरक्षण तिच्या करारातच असते. ध्वनिमुद्रण कोणत्याही यंत्रणेला शिकवण्यासाठी वापरण्याची अमर्याद मुभा देणारे कलम दिसले, तर सही करण्यापूर्वी ‘बीएफएफएस’ ही अभिनेत्यांची संघटना किंवा ‘व्हीडीएस’ ही आवाजी कलाकारांची संघटना यांपैकी एकीचा सल्ला घ्यावा. आवाजाचा नमुना कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर फुकट चढवू नये, हे तर आजच सांगून ठेवा.

त्या शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आत्ता नको. अशा वर्गांत शिकवणारे पुष्कळदा चांगले कलाकार असतात आणि आधीच अभिनय शिकलेल्याला तिथे माईकसमोरचे तंत्र लवकर कळते. पण ज्याने अजून रंगमंचावर उभे राहून स्वतःचे शरीर वापरायला शिकलेले नाही, त्याच्या हाती शेवटी एक गुळगुळीत नमुना पडतो, आणि स्टुडिओंकडे असे नमुने ढिगाने येतात. त्याऐवजी तुमच्या शहरातच ओटो फाल्केनबेर्ग नाट्यशाळा आहे, आउगुस्ट एव्हरडिंग यांच्या नावाची बव्हेरियन नाट्य अकादमी आहे. बर्लिनला एर्न्स्ट बुश नाट्यशाळा आहे. सार्वजनिक नाट्यशाळांचे शुल्क खासगी वर्गांच्या मानाने नगण्य असते, शिक्षण साधारण चार वर्षांचे, आणि प्रवेशपरीक्षा कठीण: मूठभर जागांसाठी शेकडो अर्ज येतात, दोन-तीन उतारे पाठ करून सादर करावे लागतात, आणि एका वर्षी नकार आला म्हणून कोणी खचत नाही, कारण बहुतेकांना तो आलेला असतो. तुमच्या मुलीला दोनदा नकार आला तर खासगी नाट्यशाळेचा विचार तेव्हा करता येईल. ते दोन हजार युरो तोवर बँकेत राहू द्या.

नावाबद्दल तुम्ही विचारले आहे. स्टुडिओत नाव ऐकू येत नाही, जर्मन ऐकू येते, आणि तिचे जर्मन म्युनिकच्या अंगणातले आहे; उलट बव्हेरियन वळण तेवढे तिला घासून काढावे लागेल. अडसर आलाच तर तो वेगळ्या वाटेने येतो. भारतीय पात्र आले की दिग्दर्शक तिला बोलावतील, कारण पात्र आणि आवाज यांची पार्श्वभूमी जुळावी असा आग्रह अलीकडे वाढला आहे, आणि हे चांगलेच. पण मग कोणीतरी ‘जरा भारतीय हेल काढ ना’ म्हणेल. मी एका स्टुडिओत हा प्रसंग पाहिला आहे. डॉक्टरच्या भूमिकेतल्या, कोलोनमध्ये वाढलेल्या मुलाने विचारले, ‘कोणता? माझी आजी तमिळ बोलते, आजोबा कन्नड.’ दिग्दर्शक गप्प झाला आणि टेक साध्या जर्मनमध्ये झाला. पात्राला हेल खरोखर हवा असेल तर तो अभ्यास करून द्यावा. विनोदासाठी हवा असेल तर नकार देण्याइतकी हिंमत पुढे येते, पहिल्या वर्षी ती येत नाही, आणि तेव्हा घरच्यांनी तिला दोष देऊ नये.

यापुढचे पाऊल मात्र फुकटचे आहे. नाट्यशाळेच्या तयारीबरोबरच तिने म्युनिकमधल्या तीन-चार डबिंग स्टुडिओंना पत्र लिहून ‘होस्पिटिरेन’ची, म्हणजे एक दिवस गप्प बसून काम पाहण्याची, परवानगी मागावी. तिला दिसेल ते साधारण असे: अंधारी खोली, उंच पाठ्यफलक, त्यावर सुटी पाने, कारण कागद उलटल्याचा आवाज चालत नाही. कलाकाराला संहिता आधी मिळालेली नसते. मूळ टेक पडद्यावर एक-दोनदा दाखवतात, ती मान वर करून ओठ पाहते, एका श्वासात वाक्य मनात बसवते आणि बोलते. मोठ्या चित्रपटांत चोरीच्या भीतीने चित्र काळे करून फक्त तोंड दिसेल एवढाच गोल उघडा ठेवलेला असतो. समोरचे पात्र बहुधा खोलीत नसते, ते काल येऊन गेले किंवा उद्या येणार. या एकेकट्याने बोलण्याला तिथे ‘इक्सन’ म्हणतात. चुंबनाचा प्रसंग आला की स्वतःच्याच हाताच्या मागच्या बाजूचा मुका घ्यायचा, धावण्याचा आला की जागच्या जागी धाप लागेपर्यंत श्वास घ्यायचा, पण पाय हलवायचे नाहीत. तासाला तीसेक टेक होतात. पहिले दहा टेक पाहून मुलीला मजा वाटेल; खरी परीक्षा दुपारी तीन वाजता होते, जेव्हा तेच किंचाळणे सातव्यांदा करायला सांगतात आणि ते सातव्यांदाही खरे वाटावे लागते. संध्याकाळी ती घरी येऊन ‘मलाही करायचे आहे’ म्हणाली तर तिच्या बाबांना तिच्या शेजारी बसवून प्रवेशपरीक्षेचे उतारे निवडायला लावा. पोपटपंचीचा मुद्दा तिथेच निकालात निघेल.

त्या दिवशी तिला सळसळणारे जाकीट घालू देऊ नका, बांगड्या-कडी घरी ठेवायला सांगा, आणि पोटभर न्याहारी करूनच पाठवा. उपाशी पोटाची गुरगुर माईकला सगळ्यात आधी ऐकू येते, आणि मग आख्खा स्टुडिओ तुमच्या लेकीसाठी थांबतो.